काव्यपुरुषाचे लग्न आणि वऱ्हाडातील कीर्तन

राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत एक मोठी गोड कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र जो काव्यपुरुष, तो रुसून घराबाहेर पडला. त्याला प्रेमपाशाने बांधून आणावे म्हणून गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि तिला त्याच्या मागे धाडले. पूर्वेकडे, पांचालात, अवंतीत, दक्षिणेत असे ते दोघे देशोदेशी फिरले. प्रत्येक देशी तिने निराळा वेष केला, निराळे नृत्य केले, आणि त्या त्या देशीच्या स्त्रियांनी तिचा वेष उचलला. काव्यपुरुषाचा रुसवाही मुक्कामागणिक थोडथोडा निवळत गेला व त्याची वाणी पालटत गेली. शेवटी विदर्भात वत्सगुल्म नावाच्या नगरात त्यांचा गांधर्वविवाह झाला. हे वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. पाचव्या शतकात वाकाटकांची एक शाखा येथे राज्य करीत होती आणि तिच्यातील हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याच्या अनेक लेण्यांचे काम चालले होते. राजशेखराने लग्नघर निवडले ते विचार करूनच निवडले, असे म्हणावयास हरकत नाही.

या कथेतील एक गोष्ट मात्र पंडितांच्या नजरेतून बहुधा निसटते. साहित्यविद्या ही काव्याला शिकविण्यासाठी आली नव्हती. ती त्याच्याबरोबर चालण्यासाठी आली होती. तिने व्याख्यान दिले नाही, ती नाचली. आणि वाटेवरच्या बायकांनी पाहता पाहता ते उचलले. कला घडविणे व कला शिकविणे ही दोन कामे निराळी नाहीत, ती एकाच वाटेवर एकाच पावलाने चालतात, हे हजार वर्षांपूर्वीच्या त्या कवीने रूपकाच्या आडून सांगून ठेवले आहे.

आम्हांला ही कथा पुन्हा आठवली ती जऊळक्यास. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वाशीमच्या अलीकडे हे गाव लागते. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याकडे आमचे तेथे जाणे झाले. श्रावणाचे दिवस होते, पाऊस नुकताच उघडला होता, आणि एका देवळाच्या ओसरीवर सप्ताहाची तयारी चालली होती. एक वृद्ध गृहस्थ पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजविलेली कणीक लावीत बसले होते. समोर दहाबारा वर्षांचा एक मुलगा. वृद्धांनी आधी तोंडाने बोल म्हटले, मुलाने तोंडाने म्हटले, मग मांडीवर हात मारून म्हटले, आणि मग पखवाज त्याच्यापुढे सरकविला. रात्री पाहतो तो तोच मुलगा टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटच्या जागी उभा! पखवाज वृद्धांच्या मांडीवरच होता. पण उत्तररात्री भजन रंगात आल्यावर त्यांनी डोळ्यांनी खूण केली, मुलगा पुढे झाला आणि एका अभंगापुरता त्याने ठेका धरला. दोनदा चुकला. टाळकऱ्यांनी टाळ किंचित मोठे करून त्याला सावरून घेतले. कोणी हसले नाही, कोणी शाबासकीही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वृद्धांना विचारले, "बुवा, याला किती दिवसांत शिकवाल?" ते म्हणाले, "मी कायले शिकवतो जी? रांगेत उभा हाये ना तो." आम्ही पस्तीस वर्षे महाविद्यालयात अध्यापन केले आहे. इंग्रजी काव्य शिकविले आणि मराठीही शिकविले. त्या पस्तीस वर्षांत आमच्या वर्गातील किती विद्यार्थी रांगेत उभे होते आणि किती नुसते बाकांवर बसले होते, हा हिशेब त्या उत्तराने आमच्यापुढे मांडला. हिशेब फारसा सुखाचा नव्हता.

विदर्भात आज दोन जुनी विद्यापीठे आहेत. नागपूरचे विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्याला आता राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. अमरावतीचे १९८३ साली निघाले. त्याला संत गाडगे बाबांचे नाव आहे, आणि वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्याच छत्राखाली येतात. एकाने शाळेचे तोंड पाहिले नाही, दुसऱ्याचे मन शाळेत रमले नाही. एकाच्या हाती खराटा, दुसऱ्याच्या हाती खंजिरी. अशा दोन पुरुषांची नावे पदवीपत्रांवर छापणाऱ्या आम्हां अध्यापकांनी, हे दोघे शिकवीत तरी कसे, याची चौकशी एकदा तरी करावयास हवी. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

कीर्तनाची परंपरा महाराष्ट्रात जुनी. वारकरी कीर्तनाचा आद्य प्रवर्तक म्हणून नामदेवांचे नाव घेतले जाते. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा धरतात. या कीर्तनाची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. कीर्तनकार पुढे उभा असतो, पण तो एकटा कधीच नसतो. त्याच्या मागे टाळकऱ्यांची रांग, एका बाजूस मृदंगी, एका बाजूस वीणेकरी. त्याने अभंगाचे चरण घेतले की रांगेने ते उचलावयाचे. तो विवेचन करून थांबला की रांगेतल्या कोणा गळ्याने चाल धरावयाची. आणि धृपद आले की समोरचा सारा समाज त्यात मिळावयाचा. म्हणजे ऐकणारा आणि म्हणणारा यांच्यामध्ये भिंत नसते. असतात त्या पायऱ्या. समोर बसलेला पोर पुढल्या वर्षी रांगेच्या टोकाला उभा राहतो, चार वर्षांनी रांगेच्या मध्यावर येतो, आणि एखादाच, गळा व बुद्धी असेल तर, एक दिवस रांगेच्या पुढे येतो. या पाठशाळेत परीक्षा रोज होते आणि नापास कोणालाच करीत नाहीत.

नारदीय कीर्तनाची घडण याहून निराळी. तेथे पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि सारा भार एका हरदासाच्या विद्वत्तेवर व अभिनयावर. ती कला थोर आहेच. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. दत्तोपंत पटवर्धनांसारख्यांनी तिच्यातून राष्ट्रीय कीर्तन उभे केले. परंतु हरदासाचा श्रोता हा अखेर श्रोताच राहतो. वारकरी कीर्तनात श्रोत्याला पदोन्नती आहे. पुढे १९१७ मध्ये जोगमहाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढून या विद्येस शाळेचे रूप दिले. पण तेथे शिकून आलेल्यालाही गावच्या रांगेचा आधार लागतोच. रांग नसेल तर कीर्तनकाराने कोणापुढे थांबावे?

अर्थात या रांगेलाही एक मोठे गालबोट होते, आणि इतिहास लिहिताना ते झाकणे बरे नव्हे. चोखामेळ्यांचा जन्म परंपरेने वऱ्हाडातील मेहुणाराजा येथला मानतात. त्यांचे अभंग साऱ्या रांगेने म्हणावे, पण त्यांच्या ज्ञातीने मात्र देवळाच्या पायरीशी थांबावे, असा प्रकार शतकानुशतके चालला. पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. रांगेत उभे राहून माणूस शिकतो हे खरे. पण रांगेत उभे कोणी राहावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तो त्या विद्येचा खरा मालक. वऱ्हाडच्या ज्या पुरुषाने ही मालकी मोडली, त्याच्याकडे आता वळू.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. डेबूजी मूर्तिजापूरजवळ दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखीत, शेत कसत वाढले. मुलीच्या बारशाला ज्ञातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू न देता त्यांनी गोड जेवण घातले, ही त्यांच्या सुधारणेची पहिली पायरी. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, हाती खराटा आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगे महाराज म्हणू लागले.

त्यांच्या कीर्तनाचा आरंभ देवळात होत नसे, गावच्या उकिरड्यावर होई. सकाळी गावात शिरावयाचे आणि कोणाशी न बोलता रस्ता झाडावयास लागावयाचे. पहिल्यांदा पोरे जमत, मग एखादा शरमिंदा होऊन हाती खराटा घेई, मग दुसरा, आणि दुपारपर्यंत गाव झाडून निघे. सायंकाळी त्याच लोकांपुढे कीर्तन. आम्हांस येथे फार मोठे कौशल्य दिसते. जो दिवसभर बुवांच्या बरोबरीने झाडीत होता तो रात्री परका श्रोता म्हणून बसूच शकत नव्हता. कीर्तनाचा निम्मा भाग त्याने स्वतःच्या हातांनी आधीच केला होता. पूर्वरंग रस्त्यावर झालेला असे, रात्री राही तो उत्तररंग.

आणि रात्रीचे ते कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरांची सरबत्ती. सुदैवाने त्यांच्या अखेरच्या दिवसांतील, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्रे येथे झालेले एक कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे; ज्यांस आमचे म्हणणे तपासून पाहावयाचे असेल त्यांनी ते अवश्य ऐकावे. बुवा विचारतात, जगात देव किती? समाज एका आवाजात सांगतो, एक. मग बुवा सावकाश एकेका ग्रामदेवतेचे नाव घेतात: हा तुमच्या गावी आहे का, तो आहे का? समाज प्रत्येक वेळी होकार देतो. मग पुन्हा तोच प्रश्न, आता देव किती झाले? आणि हजारो माणसांचा हशा उसळतो. त्या हशात लाज आहे, शोध आहे, आणि आपणच आपल्याला पकडले याचा आनंदही आहे. बुवांनी त्यांना काही सांगितलेच नव्हते. जे काही बोलले गेले ते त्यांच्याच तोंडून बोलले गेले.

ग्रीक साहित्याचा ज्यांस परिचय आहे त्यांना येथे सॉक्रेटिसाची आठवण होईल. प्लेटोच्या मेनो या संवादात सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला केवळ प्रश्न विचारून भूमितीचा एक सिद्धान्त त्याच्या तोंडून वदवितो. परंतु सॉक्रेटिस एका वेळी एकाशी बोले, आणि ज्याला तो निरुत्तर करी त्याला अपमान वाटे. अखेर अथेन्सने त्याला विष दिले. गाडगे महाराजांनी हीच रीत समुदायापुढे नेली आणि तिला तालसुरात बसविले. सारे मिळून चुकले म्हणजे अपमान कोणा एकाचा होत नाही. मध्येच भजनाचा गजर, मध्येच तुकोबांचा अभंग किंवा कबिराचा दोहा, मध्येच एखादी नक्कल. मन जरा सैल झाले की पुन्हा प्रश्न. विषय कोणते? कर्ज, दारू, देवाला दिलेला बोकड, ऐपत नसता केलेले लग्न, शिवाशिव, आणि पोरांची शाळा. पैसा नसेल तर ताट मोडावे, हातावर भाकर घेऊन खावी, पण पोरांना शाळेत धाडावे, हा त्यांचा हट्ट. स्वतः पाटीला हात न लावलेल्या माणसाचा हा हट्ट!

या कीर्तनांतून मिळालेले द्रव्य धर्मशाळा, घाट, सदावर्ते, गोरक्षण, वसतिगृहे यांत गेले. त्यांनी पंढरपुरास चोखामेळ्यांच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण ज्यांचे अभंग सारे गातात त्यांच्या लोकांना पाठ टेकावयास जागा नव्हती. आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कऱ्हाडास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली महाविद्यालय काढले त्यास नाव दिले ते याच निरक्षर पुरुषाचे. बुवा कोणाला पाया पडू देत नसत, कोणाला शिष्य म्हणवीत नसत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात, त्यांनी देह ठेवला.

तुकडोजी महाराजांची वाट याच रानातून, पण थोडी निराळी. माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. त्यांचे वाद्य खंजिरी. एका हातात मावणारे, खेड्यातल्या कोणासही परवडणारे हे वाद्य त्यांनी निवडले, किंवा त्याने त्यांना निवडले. मृदंग मांडीवर घेऊन बसावे लागते. खंजिरी घेऊन माणूस चालू शकतो. १९३५ मध्ये मोझरीस गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९४२ च्या चळवळीत महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांनी दिवस काढले. १९५५ मध्ये ते जपानात विश्वधर्म परिषदेस जाऊन आले, आणि त्याच सुमारास ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निर्वाण झाले.

परंतु त्यांची आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठी कृती म्हणजे सामुदायिक प्रार्थना. रोज सायंकाळी, ठरल्या वेळी, गावातल्या सर्वांनी जातपात न पाहता सरळ रांगांत बसावयाचे आणि एका सुरात म्हणावयाचे. दिसावयास ही गोष्ट साधी. पण ज्या गावात पाणवठे निराळे, पंगती निराळ्या, त्या गावात मांडीला मांडी लावून एकच चरण म्हणणे म्हणजे काय, हे ज्याने ती गावे पाहिली त्यालाच समजेल. गाडगे महाराजांनी समुदायाकडून उत्तर घेतले; तुकडोजींनी समुदायाकडून शिस्त घेतली, आणि ग्रामगीतेच्या एक्केचाळीस अध्यायांत तीच शिस्त ओवीबद्ध करून गावाच्या हाती परत दिली. ओवी हा छंदही त्यांनी नवा शोधला नाही. जो जात्यावर आधीच फिरत होता तोच घेतला. वाचता न येणाऱ्यालाही ती ऐकता ऐकता पाठ व्हावी, ही त्यातली सोय.

परदेशातही काही थोर शिक्षक याच निर्णयास आले आहेत. टॉलस्टॉयने १८५९ साली यास्नाया पोल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. एकदा एका म्हणीवरून तो मुलांच्या देखत गोष्ट लिहू लागला. मुले खांद्यावरून डोकावू लागली, दुरुस्त्या सांगू लागली, आणि पाहता पाहता गोष्ट मुलांची झाली, टॉलस्टॉय लेखनिक राहिला. त्यावर त्याने १८६२ मध्ये जो निबंध लिहिला त्याचा प्रश्नच असा, की लिहिणे कोणी कोणापासून शिकावे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्यापासून, की आम्ही त्यांच्यापासून? शंभर वर्षांनी ब्राझीलचा पावलो फ्रेइरी हा शिक्षणतज्ज्ञ हेच अधिक तिखट शब्दांत सांगू लागला, की विद्यार्थी ही काही पेढी नव्हे, जीत गुरूने आपली ठेव ठेवावी. आमचे प्राध्यापक बंधू फ्रेइरीवर प्रबंध लिहितात, ते योग्यच आहे. पण विद्यापीठाच्या दारावर ज्याचे नाव आहे त्याच्या कीर्तनाकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते.

येथे कोणी दोन आक्षेप घेईल, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की समुदायाच्या मुखातून निघालेले उत्तर हे खरोखर विचाराने आलेले असते की नुसत्या नादाने? रात्री देव एकच म्हणणारा सकाळी बोकड घेऊन निघत नसेल कशावरून? निघत असेल. बुवांनाही ते ठाऊक असले पाहिजे, एरव्ही त्यांनी तेच प्रश्न गावोगाव पन्नास वर्षे विचारले नसते. एका सुरात म्हणण्याची सवय ज्याच्या हाती लागेल तो तिचा दुरुपयोगही करू शकतो. विसाव्या शतकाने मैदानांवर जमलेले जे समुदाय पाहिले तेही एका सुरातच ओरडत होते. भेद इतकाच, की तेथे समुदायाला उत्तर पढविलेले असते आणि येथे त्याचे स्वतःचे उत्तर त्याच्यापुढे धरून त्याला हसविलेले असते. जी कला माणसाला स्वतःवर हसावयास शिकविते तिच्यापासून भय थोडे.

दुसरा आक्षेप स्त्रियांचा. टाळकऱ्यांच्या त्या रांगेत फार काळ स्त्री नव्हती. ती एका अंगाला पदर सावरून ऐकत बसली. हे खरे आहे, आणि जनाबाईंचे अभंग म्हणणाऱ्या परंपरेला ते शोभणारे नाही. पण तिची पाठशाळा अगदीच बंद होती असेही नाही. वऱ्हाडात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसते. संध्याकाळी मुली जमून टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात, मग डब्यातला खाऊ ओळखण्याचा खेळ होतो. या गाण्यांना कर्ता नाही, पुस्तक बहुधा नाही. सासर, माहेर, नणंद, भूक, हे सारे त्यांत येते, आणि सहा वर्षांची मुलगी ते बारा वर्षांच्या मुलीकडून उचलते. तेथेही कोणी शिकवीत नाही. तेथेही रांगच शिकविते.

आज गावोगावच्या सप्ताहांत ध्वनिवर्धक आला आहे, उंच मंडप आला आहे, आणि नामांकित कीर्तनकारांची बिदागी हा चर्चेचा विषय झाला आहे. आवाज दूरवर जातो, हे चांगलेच. पण आवाज जितका मोठा झाला तितकी समोरच्यांची उत्तरे ऐकू येईनाशी झाली. आमच्या वर्गातही काही निराळे घडले नाही. आम्ही बोलतो, विद्यार्थी लिहून घेतात, परीक्षेत ते आम्हांस परत करतात. आपण काव्य शिकविले असे आम्ही समजतो. वास्तविक आम्ही काव्यपुरुषाला एका खोलीत आणि साहित्यविद्येला दुसऱ्या खोलीत कोंडले आहे, आणि वर लग्न मोडल्याचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारीत आहोत.

जऊळक्याहून परतल्यावर शेवटच्या दोन वर्षांत आम्ही आमच्यापुरता एक प्रयोग केला. आठवड्यातून एक तास व्याख्यान बंद. कवितेचे एक कडवे फळ्यावर लिहावयाचे, चरणाचा एक शब्द गाळावयाचा, आणि वर्गाने मिळून तो शोधावयाचा. सापडेल तो शब्द का बसतो, कानाला बसतो की अर्थाला, यावर वाद घालावयाचा. पहिले काही तास मौनात गेले. मग मागच्या बाकावरून, वऱ्हाडीत, एक शब्द आला. तो कवीचा शब्द नव्हता, पण चुकीचाही नव्हता. त्या दिवशी वर्ग हसला, आणि त्या हसण्यात आम्हीही होतो. प्रयोगाचे फळ गुणपत्रिकेत काही उमटले नाही, हेही सांगितले पाहिजे.

त्यानंतर आणखी एका श्रावणात आम्ही पुन्हा जऊळक्यास गेलो. वृद्ध पखवाजी आता मांडी घालून बसू शकत नव्हते. खांबाला टेकून ऐकत होते. पखवाज त्या मुलाकडे होता आणि त्याच्या डाव्या हाताशी कणकेचा गोळा घेऊन एक लहान पोर बसले होते. रांगेच्या शेवटी एक जागा रिकामी होती. कोणी आम्हांस टाळ दिले. साठीला टेकलेल्या माणसाने रांगेच्या टोकाला उभे राहावे, यात थोडा संकोच होता खरा. दोनदा चुकलो. शेजाऱ्याने टाळ किंचित मोठे केले.